माला-डी: सोयीची गोळी, आणि ती सोडल्यानंतरची भीती

माला-डी या गर्भनिरोधक गोळीच्या पाकिटात 21 संप्रेरकयुक्त आणि 7 लोहाच्या गोळ्या असल्याने रोजची सवय मोडत नाही, ही सोय मला मोलाची वाटते. स्तनाच्या कर्करोगाची भीती मात्र गोळी सोडल्यावरही अनेकींच्या मनात राहते. अशा मिश्र (दोन संप्रेरके असलेल्या) गोळ्यांविषयीच्या 54 अभ्यासांच्या 1996 सालच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले, की गोळी चालू असताना हा धोका तुलनेने सुमारे 24 टक्क्यांनी अधिक असतो, परंतु ती सोडून 10 वर्षे उलटल्यावर वाढीव धोका आढळत नाही. शिवाय गोळी घेतलेल्या स्त्रियांमधील कर्करोग निदानाच्या वेळी कमी पसरलेले होते. त्यामुळे पूर्वीच्या वापराबद्दल कोणीही स्वतःला दोष देऊ नये. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांनी मात्र ही गोळी टाळावी. त्यांच्यासाठी तांबी हा संप्रेरकविरहित पर्याय उपलब्ध आहे.