एलएस५० मेटाला कोणता अँप्लिफायर: मरान्ट्झ, यामाहा की केंब्रिज?

स्पीकर ठरलेत, घोडं अडलंय ते अँप्लिफायरवर, अशांसाठी हा आढावा. स्पीकर म्हणजे केईएफचे एलएस५० मेटा. २०२० साली आलेली ही जोडी आपल्याकडच्या फ्लॅटच्या हॉलला मापाची आहे, पण अँप्लिफायरच्या बाबतीत जरा नखरेल. कंपनीचेच आकडे बघा. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो ते) ८५ डेसिबल, म्हणजे कमीच. इम्पीडन्स (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) नावाला ८ ओहम, पण काही फ्रिक्वेन्सींना तो ३.५ ओहमपर्यंत उतरतो. आवाज काढायला वॅट जास्त लागणार आणि वर करंटही जास्त खेचला जाणार. शिफारस ४० ते १०० वॅटची आहे.

उमेदवार तीन, तिन्ही क्लास एबीचे (जुन्या धाटणीची, तापणारी रचना) इंटिग्रेटेड, म्हणजे व्हॉल्यूम-निवड आणि ताकद एकाच खोक्यात: मरान्ट्झ पीएम६००७, यामाहा ए-एस५०१ आणि केंब्रिज ऑडिओ सीएक्सए८१. किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, पण केंब्रिज बाकी दोघांपेक्षा बराच महाग हे सगळीकडे खरं.

दुकानात पहिला प्रश्न "किती वॅट?" हाच. मरान्ट्झ ८ ओहमला ४५ वॅट, केंब्रिज ८०, यामाहा ८५. आकडे जवळपास दुप्पट, म्हणून आवाजही दुप्पट, असं वाटतं. तसं नसतं. वॅट दुप्पट झाले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात.

मग ४५ पुरतील का? हिशेब करून बघू. या स्पीकरमधून १ वॅटला १ मीटरवर ८५ डेसिबल मिळतात. अडीच मीटरवर बसलात तर, दोन स्पीकर आणि भिंतींवरून परतणारा आवाज धरून, साधारण ८० उरतात. ७५ डेसिबल सरासरीने ऐकणं म्हणजे चांगलं मोठ्याने ऐकणं, आणि त्याला वॅटचा तिसरा हिस्सा पुरतो. पण तबल्याची थाप सरासरीच्या २० डेसिबल वर सहज जाते. ती थाप जशीच्या तशी यायची तर ९५ डेसिबल हवेत, म्हणजे क्षणभरासाठी ३२ वॅट. मरान्ट्झकडे त्याच्या वर दीड डेसिबलची सवड उरते, केंब्रिज-यामाहाकडे चारेक डेसिबलची. दहा बाय बाराच्या खोलीत दीड चालून जाईल. वीस फुटी हॉलमध्ये मागच्या सोफ्यावर बसून ऐकणार असाल तर नाही.

खरी परीक्षा ओहम उतरतात तिथे. अँप्लिफायर आदर्श असता तर ८ ओहमला जितके वॅट, त्याच्या दुप्पट ४ ओहमला मिळाले असते. मरान्ट्झच्या ४५ चे ६० होतात, ९० होत नाहीत. केंब्रिजच्या ८० चे १२०. दोघंही आदर्शापासून लांबच, पण ४ ओहमला केंब्रिजचे वॅट मरान्ट्झच्या बरोबर दुप्पट भरतात. यामाहा क्षणिक ताकदीचे आकडे २ ओहमपर्यंत छापते आणि ते ओहम उतरतील तसे वाढत जातात, हे मला या जोडीसाठी सगळ्यात आश्वासक वाटतं. यामागे जादू नाही. मोठा ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, मोठं हीटसिंक. दोन्ही खोकी उचलून बघा. मरान्ट्झ साधारण पावणेआठ किलोचा, यामाहा दहाच्या वर.

ताकद संपली की अँप्लिफायर लाटेची टोकं कापतो. ऐकणाऱ्याला वाटतं आवाज कर्कश झाला, आणि दोष बिचाऱ्या ट्वीटरला (वरचे सूर काढणाऱ्या छोट्या भागाला) लागतो. कापलेल्या लाटेत वरच्या फ्रिक्वेन्सींची ऊर्जा नको तितकी वाढते, त्यामुळे छोटा अँप्लिफायर शेवटपर्यंत पिळून ट्वीटर जाळणारे लोक मोठा अँप्लिफायर जपून वापरणाऱ्यांपेक्षा कमी नसावेत.

टीपीए३२५५ चिपवरचे छोटे क्लास डी (वेगाने चालू-बंद होऊन चालणारे, कमी तापणारे) अँप्लिफायरचे डबे यात का नाहीत, हे कुणीतरी विचारणारच. चिप वाईट नाही. पण डब्यावरचे ३०० वॅट वाचण्याआधी अडॅप्टरचं लेबल वाचा. ३२ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे एकूण १६० वॅट, तेही दोन्ही चॅनेल मिळून आणि गरमीत जाणारे धरून. शिवाय आउटपुटच्या फिल्टरनंतर फीडबॅक (बाहेर पडलेला सिग्नल परत तपासून चूक दुरुस्त करणं) घेतलेला नसेल, तर वरच्या फ्रिक्वेन्सींचा आवाज स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणे कमीजास्त होतो. स्पीकरचा इम्पीडन्स असा वरखाली होत असताना ते मला नको.

आता स्वभावाबद्दल. मरान्ट्झ 'गोड', यामाहा 'कोरडा', केंब्रिज 'मोकळा', ही विशेषणं दुकानदाराच्या तोंडी बसलेली आहेत. ताकदीच्या मर्यादेत राहून, आवाज काटेकोर जुळवून ऐकलं तर यातला बराच फरक विरून जातो. जुळवायचं कसं? १०० हर्ट्झचा सूर लावायचा, स्पीकरच्या टर्मिनलवर साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरायचा आणि दोन्ही अँप्लिफायरना एकच आकडा येईल असा व्हॉल्यूम ठेवायचा. एक टक्क्याचा फरक म्हणजे जेमतेम ०.१ डेसिबल. हे केलं नाही तर जो किंचित मोठा वाजतो तोच 'चांगला' ठरतो. दुकानदाराने मल्टिमीटर बघून भुवया उंचावल्या तरी हरकत नाही.

फरक विरतो तो आवाजात. सोयींमध्ये तो रोज समोर येतो. या स्पीकरचा खालचा सूर ७९ हर्ट्झच्या आसपास उतरायला लागतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा असतो. म्हणजे तानपुरा ऐकू येतो, त्याची झणकार येते, पण खर्जाचा मूळ सूर दबलेला राहतो. काळी चारच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झचा, तिथे ही अडचण नाही. भारदस्त खर्ज आणि डग्ग्याची घुमक हवी असेल तर आज ना उद्या सबवूफर (फक्त खालच्या सुरांसाठीचा वेगळा स्पीकर) येणारच. तिन्ही अँप्लिफायरना सबवूफरची जागा आहे, पण मुख्य स्पीकरकडे जाणारा खालचा आवाज तिघांपैकी कुणीही गाळत नाही. सब जोडला तरी त्या छोट्या कोनचं काम हलकं होणार नाही.

फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेअर थेट जोडायची जागा) मरान्ट्झ आणि यामाहाला आहे, केंब्रिजला नाही. जुन्या रेकॉर्डी असतील तर केंब्रिजच्या किमतीत वेगळा फोनो स्टेज (रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा) धरा. उलट केंब्रिजला यूएसबी आणि ब्लूटूथ अंगभूत आहे, बाकी दोघांना ऑप्टिकल आणि कोअॅक्सिअल या डिजिटल इनपुटवर भागवावं लागतं. टीव्हीला ते पुरतं, लॅपटॉपला नाही.

टोनचे नॉब केंब्रिजला नाहीतच. शुद्धतावाद्यांना ते आवडतं. मला नाही, कारण यामाहाचा लाउडनेस नॉब. रात्री साडेदहानंतर सोसायटीत आवाज कमी करावाच लागतो, आणि कमी आवाजात कानाला खालचे सूर आधी ऐकू येईनासे होतात. त्यावर हा नॉब उपाय आहे, फक्त लोक तो उलटा वापरतात. आधी तो फ्लॅटवर ठेवून व्हॉल्यूम आपल्या नेहमीच्या मोठ्यात मोठ्या आवाजाला लावायचा; मग व्हॉल्यूमला हात न लावता लाउडनेस फिरवत आवाज उतरवायचा. मधले सूर उतरतात, डग्गा जागेवर राहतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यासाठी ही एक सोय इतर दोघांच्या सगळ्या यादीला पुरून उरते.

म्हणून माझं मत यामाहाला. खोली लहान आणि बजेट घट्ट असेल, शिवाय मरान्ट्झ चांगल्या सवलतीत मिळत असेल, तर तो बिनधास्त घ्या. केंब्रिज त्यांच्यासाठी, ज्यांचं सगळं गाणं लॅपटॉप आणि फोनवर आहे, हॉल मोठा आहे आणि रात्री उशिरा ऐकायची सवय नाही.

वाचलेले पैसे केबलमध्ये घालवू नका. अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर ३ मीटर घेतली तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.०४ ओहमच्या आसपास होतो. स्पीकरच्या व्हॉइस कॉइलचा स्वतःचा रोध कित्येक ओहमचा, त्यापुढे हे काहीच नाही. त्यापेक्षा स्पीकरना नीट स्टँड घ्या आणि अँप्लिफायर बंद शोकेसमध्ये कोंबू नका. क्लास एबी तापतो, त्याला वर चारेक इंच मोकळी हवा हवी.

आणि अमेरिकेतून येणाऱ्या चुलतभावाला यामाहा आणायला सांगायचा मोह होत असेल, तर थांबा. तिकडचा सेट १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. मागे व्होल्टेज बदलायचा स्विच असेलच असं नाही. मग चांगला दोन-अडीच किलोचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला, त्याची घरघर आली, आणि भारतातली वॉरंटीही मिळणार नाही.