जॉर्जियात कृष्णवर्णीय पुरुष मतदारांशी बोलायचंय: दारोदार फिरावं की बार्बरशॉपात बसावं?

नोव्हेंबर 2026 च्या निवडणुकीत स्वयंसेवक म्हणून काम करू इच्छिणारे जॉर्जिया या अमेरिकी राज्यातल्या अटलांटा परिसरातले मराठी मित्र हा प्रश्न विचारतात. मी दोन्ही केलं आहे.

दारोदार फिरण्याच्या बाजूने बरंच आहे. जॉर्जियात मतदार नोंदणीच्या अर्जावर वंश आणि लिंग विचारतात, त्यामुळे कुठल्या पत्त्यावर कोण आहे आणि मागे त्याने मतदान केलं होतं का, हे मतदार यादीवरून बनलेल्या स्वयंसेवकांच्या ॲपवर आधीच दिसतं. नैऋत्य अटलांटातल्या कॅस्केडसारख्या, वर्षानुवर्षं स्वतःच्या घरात राहणाऱ्यांच्या वस्तीत यादी चोख निघते आणि निवांत बोलणं होतं.

अटलांटाजवळच्या क्लेटन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) भाड्याच्या अपार्टमेंटांत मात्र एकाच गोष्टीने मी बेजार झालो. यादीतला पंचविशीतला मुलगा तिथे राहतच नसतो. भाडं वाढलं की तो दुसरीकडे जातो, नोंदणी जुन्याच पत्त्यावर राहते. आपली फेरी फुकट गेली एवढंच असतं तर चाललं असतं. पण पत्ता पडताळण्याचं पत्रही त्याच जुन्या दारी जातं. 1993 च्या संघीय कायद्यानुसार त्याला उत्तर आलं नाही आणि पुढच्या दोन सार्वत्रिक संघीय निवडणुकांत मतदानही झालं नाही, तर नाव काढता येतं. जुलै 2017 मध्ये जॉर्जियाने पाच लाखांहून जास्त नावं एकदम वगळली. वारलेल्यांची, राज्य सोडून गेलेल्यांची नावं निघायलाच हवीत. पण जो इथेच आहे आणि तरी यादीतून गेला, तो आपल्या ॲपमधूनही जातो. त्याचं दार कुणीच वाजवत नाही.

बार्बरशॉपात तो स्वतः समोर असतो. मालकाची परवानगी मात्र आधी घ्यावी, आणि आपण कमी बोलावं. राज्याच्या 'माय व्होटर पेज' या संकेतस्थळावर नावाचं आद्याक्षर, आडनाव, काउंटी आणि जन्मतारीख टाकली की नाव आहे का ते तिथल्या तिथे कळतं. नावापुढे 'इनॲक्टिव्ह' (निष्क्रिय) दिसलं तरी मत देता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. शिक्षा भोगून आलेल्या काहींना वाटतं की आपला हक्क कायमचा गेला. प्रोबेशनसकट, म्हणजे देखरेखीखालच्या मुदतीसकट, शिक्षा पूर्ण झाली की पुन्हा नोंदणी करता येते, हे सांगितल्यावर माणूस खुर्चीतून वळून बघतो. दारोदारच्या यादीत हा माणूस मला कधी भेटलाच नसता.

इथे उणं आहेच. एका शनिवारी कमी माणसांशी बोलणं होतं, हिशेब ठेवता येत नाही, आणि 'निवडणूक आली की आम्ही आठवतो' हे ऐकावं लागतं. ते रास्त आहे. 2024 च्या अध्यक्षीय उमेदवार कमला हॅरिस यांनी कृष्णवर्णीय पुरुषांसाठीचा कार्यक्रम 14 ऑक्टोबर 2024 ला मांडला. त्यात 20,000 डॉलरपर्यंतचं, माफ होऊ शकणारं कर्जही होतं. जॉर्जियात नोंदणी 7 ऑक्टोबरलाच बंद झाली होती. तो कार्यक्रम पटला तरी यादीत नाव नसलेल्याला काहीच करता आलं नसतं.

तुमचा स्वभाव आणि वस्ती वेगळी असू शकते. पण मला विचाराल तर यंदा 5 ऑक्टोबरला नोंदणी बंद होईपर्यंतचे शनिवार बार्बरशॉपला द्यावेत, आणि त्यानंतर यादी घेऊन दारोदार निघावं.