गव्हाचा दाणा आणि मूक चुंबन : ‘करामाझोव्ह बंधू’ वाचण्याच्या दोन रीती

दोस्तोयेव्हस्की यांच्या १८७९-८० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘करामाझोव्ह बंधू’ या कादंबरीतील ख्रिस्ती प्रतीके दोन रीतींनी वाचता येतात. पहिली रीत आरंभीच्या बायबलवचनाला प्रमाण मानते: मातीत पडून मेलेला गव्हाचा दाणाच भरघोस पीक देतो (योहान १२:२४). त्या प्रकाशात झोसिमा या वृद्ध मठवासी साधूच्या मृतदेहाला सुटलेली दुर्गंधी, त्यामुळे खचलेल्या अल्योशाला (झोसिमाचा शिष्य व करामाझोव्ह बंधूंपैकी एक) ग्रुशेंका या तरुणीने सांगितलेली कांद्याची गोष्ट (आयुष्यात फक्त एक कांदा दान केलेल्या दुष्ट बाईची) आणि त्याच रात्री त्याने जमिनीला कवटाळून घेतलेली चुंबने ही मरण व नवजीवन यांची एकच साखळी ठरते. झोसिमाची शिकवण मांडणारे कादंबरीचे सहावे पुस्तक (भाग) हे अल्योशाचा भाऊ इव्हान याच्या नास्तिक युक्तिवादाला दिलेले उत्तर आहे, असे लेखकानेही पत्रांत म्हटले होते.

दुसरी रीत रशियन साहित्य-समीक्षक मिखाईल बाख्तिन यांच्या १९२९ च्या ग्रंथातून आली. तिच्या मते दोस्तोयेव्हस्की यांच्या कादंबऱ्यांत कोणत्याच एका आवाजाला अंतिम अधिकार नाही. इव्हान सांगतो त्या कथेत पृथ्वीवर परतलेल्या ख्रिस्ताला एक वृद्ध धर्मन्यायाधीश (पाखंड्यांना शिक्षा देणारा चर्चचा अधिकारी) कैद करून दोष देतो; ख्रिस्त उत्तर न देता त्या वृद्धाचे चुंबन घेतो. ते वृद्धाच्या हृदयात जळत राहते, तरी तो आपल्या विचारालाच चिकटून राहतो, आणि मुख्य म्हणजे ही कथा रचणारा इव्हान स्वतः श्रद्धा व नकार यांत दुभंगलेला आहे.

झोसिमाच्या प्रकरणांसाठी मला पहिली रीत अपरिहार्य वाटते. मात्र निष्पाप मुलांच्या यातनांबद्दल इव्हानने विचारलेला प्रश्न तिच्यात फार लवकर मिटतो, म्हणून चुंबनाचा अर्थ लावताना मी दुसरीच स्वीकारतो.