अहमदाबाद महापालिकेची उन्हाळ्यातली सेवा: पाचपैकी चार तारे

हॉटेलांवर, मोबाईलवर आपण भरभरून लिहितो. एप्रिल ते जून ज्या सेवेवर कित्येकांचा जीव अवलंबून असतो, तिच्यावर कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून हा अभिप्राय.

मी औषध कंपनीचा एमआर. मूळचा भुसावळचा, नोकरीमुळे अहमदाबादेत. आमच्या कामात सकाळची ओपीडी संपता संपता, दीड-दोनला डॉक्टर भेटतात आणि पुन्हा संध्याकाळी. मधला वेळ बॅग खांद्याला आणि गाडी उन्हात. त्यामुळे शहर उन्हाळ्यात माणसाला कसं वागवतं, हे आम्हाला फार जवळून कळतं.

सगळ्यात जास्त गुण इशाऱ्याला. हवामान खात्याचा अंदाज आला की महापालिका दिवसाला रंग देते: ४१.१ ते ४३ अंशांपर्यंत पिवळा, ४४.९ पर्यंत नारिंगी, ४५ आणि त्यापुढे लाल. आदल्या दिवशीच बातमी मिळते आणि मी त्यावर माझा रूट ठरवतो. लाल दिवशी जुन्या शहरातल्या कालूपूर, रायपूरच्या पोळांतले, म्हणजे दाटीच्या जुन्या गल्ल्यांतले, दवाखाने सकाळीच उरकायचे, नदीपलीकडचे संध्याकाळवर टाकायचे.

हे आकडे कुठून आले ते वाचलं आणि माझा विश्वास बसला. मे २०१० मध्ये इथे पारा ४६.८ वर गेला होता. पुढे संशोधकांनी शहराच्या मृत्यूनोंदी २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं निघालं. उन्हाने माणूस जातो तेव्हा दाखल्यावर बहुतेक वेळा हृदय नाहीतर मूत्रपिंड लिहिलेलं असतं, उष्माघात क्वचितच. सगळ्या नोंदी एकत्र मांडल्याशिवाय हा आकडा कुणाला दिसलाच नसता. महापालिकेने तो मानला आणि गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेसारख्या भागीदारांना घेऊन २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला.

आराखड्याचं मुख्य काम डोळ्यांना दिसत नाही. आरोग्य खात्यात एक नोडल अधिकारी असतो. इशारा त्याच्याकडून दवाखाने, १०८ रुग्णवाहिका, शाळा, बससेवा, वर्तमानपत्रं असा पुढे जातो. दवाखान्यात बर्फाच्या पिशव्या तयार, ओआरएस बाहेर काढलेलं, आणि तापलेला, बरळणारा माणूस आला की साधा ताप समजून गोळी देऊन घरी पाठवायचं नाही, हे कर्मचाऱ्यांना शिकवलेलं. माझ्या धंद्याच्या नजरेने सांगतो, हे शेवटचं प्रशिक्षण बाकी सगळ्यापेक्षा मोलाचं. उष्माघातात शरीर लवकर थंड करणं हाच उपचार असतो, आणि त्यात अर्धा तास गेला तरी फरक पडतो.

सरसपूरच्या शारदाबेन हॉस्पिटलची गोष्ट तर प्रत्येक नगरसेवकाला सांगावी अशी आहे. हे महापालिकेचंच रुग्णालय. बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, म्हणजे तापलेल्या स्लॅबच्या थेट खाली. २००९ ते २०११ च्या उन्हाळ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा असं निघालं की ४२ अंशांच्या वर पारा एक-एक अंश चढला की उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात येणारी नवजात बाळं ४३ टक्क्यांनी वाढत होती. २०१० नंतर वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला आणि हे प्रमाण बरंच उतरलं. नवी इमारत नाही, परदेशी यंत्र नाही. खाटा खाली आणल्या. ते वाचून मला किती तरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

रस्त्यावरच्या सोयींचंही सांगतो. बागा दुपारी उघड्या ठेवण्याचा निर्णय माझ्यासारख्याला सगळ्यात उपयोगाचा. झाडाखाली तासभर बसलं की संध्याकाळची फेरी निभते. पाण्याची ठिकाणं आहेत, आरोग्य केंद्रांत ओआरएस मिळतं. लाल दरवाजाच्या बसस्थानकावर २०२५ मध्ये थंड बसथांबा केला: वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी, वरून बारीक तुषार. आजीच्या काळातली युक्ती सरकारी खर्चाने वापरलेली पाहून फार बरं वाटलं. मात्र असे थांबे गर्दीच्या प्रत्येक नाक्यावर हवेत.

एक तारा का कापला? घरांसाठी आणि मालकांसाठी. पूर्वेकडच्या वस्त्यांत पत्र्याखाली राहणाऱ्याला दुपारच्या बागेने रात्र थंड मिळत नाही, आणि रंगांचे इशारे दिवसाच्या कमाल तापमानावर ठरलेले आहेत. न निवणाऱ्या रात्रीचा हिशेब त्यांत नाही. छपरांना पांढरा रंग द्यायचं काम २०१७ मध्ये ३,००० च्या आसपास घरांपासून सुरू झालं. साध्या चुन्याच्या रंगानेही खोलीत फरक पडतो. माझ्या मते खरा पैसा इथेच जायला हवा. आणि मालकांचं म्हणाल, तर लाल दिवशीही आमच्या कंपनीचं टार्गेट तेवढंच राहतं, बांधकामावरच्या बाईची रोजी काम थांबवलं की बुडते. उन्हात जाऊ नका हा सल्ला पगारी माणसाला पाळता येतो. बुडालेल्या रोजीची सोय लागेपर्यंत पाचवा तारा नाही.

तरीही चार तारे मनापासून. २०१४ आणि २०१५ च्या आकड्यांवरून केलेल्या एका अभ्यासात, या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले असावेत असा अंदाज निघाला. मी आधी ज्या शहरात होतो (नाव घेत नाही) तिथल्या पालिकेची उन्हाळी सेवा म्हणजे नेत्यांचे फोटो असलेला 'उन्हापासून सावध राहा' हा फलक, तोही भर उन्हात लावलेला. त्या फलकाखाली हातगाड्या ढकलणारी माणसं मला अजून आठवतात.

भुसावळ, जळगाव, अकोला, चंद्रपूरच्या वाचकांना विनंती: आपल्या पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. गेल्या दहा वर्षांतल्या एप्रिल आणि मे महिन्यांचे रोजचे मृत्यू मागा, शेजारी त्या दिवसांचं कमाल तापमान लिहा आणि तो कागद आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवा. अर्जाला दहा रुपये लागतात.