साखळीच्या बाजारातलं बॅनरचं दुकान: काम चोख, वेळेच्या नावाने शिमगा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरची सरकारी प्राथमिक शाळा शेजारच्या गावात विलीन करणार असं कानावर आलं, आणि आम्ही पालकांनी पंचायतीसमोर बसायचं ठरवलं. बॅनरचं काम माझ्या गळ्यात.

दुकानदाराने मजकूर वाचून आधी ‘विलिनीकरण’वर बोट ठेवलं. ‘वैनी, शाळा वाचवायला निघालात, ली तरी दीर्घ काढा!’ लाजले, पण खरं तेच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची ओळ, 6 ते 14 वर्षांच्या मुलांना घराजवळच्या शाळेत मोफत शिक्षण, मी तळाला बारीक टाकली होती. त्याने ती वर मोठी घेतली आणि आमची नावं खाली ढकलली. बरं केलं. नुसता पट मोजणाऱ्यांना तीच दिसायला हवी.

कापडी बॅनर, 8 बाय 4 फूट, दुहेरी शिवण, कोपऱ्यांना कड्या. रात्रभर पाऊस पडला, रंग उतरला नाही.

चारला देतो म्हणाला, सातला दिला. शेवटची बस गेली, भावाला स्कूटर घेऊन बोलवावं लागलं. पैसे मात्र न मागता कमी केले: ‘मीही सरकारी शाळेतलाच.’