टायरनी: सात महिने खेळल्यानंतर

(गोष्टीतले काही प्रसंग उघड केलेत. कोरा अनुभव हवा असेल तर आधी खेळून या.)

आरपीजीत, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये, 'इव्हिल' रन (मुद्दाम वाईट वागत खेळलेला डाव) मी अनेकदा सुरू केला आणि अर्ध्यात सोडला. बहुतेक ठिकाणी दुष्टपणा म्हणजे गरिबाला दमदाटी करून चार नाणी जास्त उकळणं. मोठं पाप केलंच, तर सोबती निघून जातात, दुकानदार मेलेले असतात, पुढच्या क्वेस्ट (मोहिमा) बंद. वाईट वागलं की खेळायलाच कमी उरतं. ऑब्सिडियन कंपनीच्या २०१६च्या 'टायरनी' या गेमने हे गणित बदललं, म्हणून तो तीनदा संपवला.

इथे कायरॉस या अधिपतीच्या सत्तेने जग जवळपास जिंकलेलंच आहे आणि आपण फेटबाइंडर, त्या सत्तेचा कायदा राबवणारा अधिकारी. सुरुवातीलाच आपण स्वतः कायरॉसचं जादुई फर्मान वाचून दाखवतो: आठ दिवसांत बंडखोरांचा गड असेन्शन हॉल हाती आला नाही, तर खोऱ्यातले सगळे मरतील. आपणही. या मुदतीत बंडखोरांशी मी जसा वागलो, त्यात क्रौर्याची हौस नव्हती, डोक्यावरची तलवार होती. कारण पटलं की हात चालतो, आणि नंतर टोचतंही.

सगळ्यात आवडलं ते भीतीचं मोजमाप. सोबत्यांची निष्ठा आणि भीती वेगवेगळी मोजली जाते. गटांच्या बाबतीत मर्जी आणि रोष. भीती वाढली तरी नवी कौशल्यं मिळतात. दुसऱ्या रनमध्ये व्हर्स या सोबतिणीला मी धाकातच ठेवली. ती सोबत राहिली, फक्त बोलण्याचा सूर बदलला. वाईट मार्गालाही लिहिलेले संवाद आणि स्वतःचं बक्षीस हवं, ते इथे आहे.

वाचन भरपूर आहे, त्याची तयारी ठेवा. शेवटचा अंक मात्र फार लवकर आटोपतो. टुनॉन या न्यायाधीशाच्या दरबारात अजून रमायला आवडलं असतं.

ब्लेड ग्रेव्ह या प्रदेशात कायरॉसच्याच आणखी एका फर्मानाने उठलेलं वादळ राजघराण्याचा वंश संपेपर्यंत थांबणार नसतं, आणि त्या वंशात उरलेलं असतं एक तान्हं बाळ. फर्मानाच्या शब्दांतून वाट काढून त्याला वाचवता येतं. पहिल्यांदा मी तेच केलं. दुसऱ्यांदा नाही केलं. आकाश मोकळं झालं, पुढचा रस्ता खुला झाला. जुना सेव्ह (आधीचा साठवलेला टप्पा) होता, तो मी लोड केला नाही. त्या रात्री पुढे खेळलोही नाही.