लोडरला फोर्क लावून दहा महिने झाले, त्याचा अनुभव

आमचं शेत निफाड तालुक्यात. अडीच एकर टोमॅटो, बाकी द्राक्षं. २७ एचपीचा फोर-व्हील कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर आणि त्याला पुढचा लोडर, म्हणजे ओझं उचलणारे हायड्रॉलिक हात, आधीपासून होता. मागच्या श्रावणात त्याची बकेट काढून पॅलेट फोर्क बसवले, म्हणजे माल रचायच्या फळीखाली (पॅलेट) शिरणारे दोन लोखंडी दाते. कारण सरळ होतं: टोमॅटोचे कॅरेट पिकअपमध्ये चढवायला संध्याकाळी माणसं मिळत नव्हती, आणि माझी कंबर आता ४५ किलोच्या युरियाच्या गोणीलाही नाही म्हणते.

पहिली चूक फोर्क घेतानाच झाली. भंगारातून जुन्या फोर्कलिफ्टचे फोर्क आणले. लोखंड दणकट, पण एकेक फोर्क ५० किलोचा. लोडर काय उचलतो हे फोर्कला काही माहीत नसतं, त्याचं स्वतःचं वजन आधी वजा होतं. पुस्तिकेत ६५० किलो लिहिलेत, ते बकेट हातांना जोडणाऱ्या पिनवर. पॅलेटचं वजन मात्र त्या पिनच्या पुढे दीड-दोन फुटांवर पडतं, म्हणजे तिथेच पाव भाग गेला. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. शेवटी वर्कशॉपमधून हलके फोर्क बनवून घेतले. आता फ्रेमसकट ९५ किलो भरतात, आणि माल चारशेच्या आत ठेवतो. पॅलेटवर पाच कॅरेटचा एक थर बसतो. तीन थर म्हणजे १५ कॅरेट, साधारण सव्वातीनशे किलो. चौथा थर लावायचा मोह होतो. लावत नाही.

आता खरा मुद्दा, गुळगुळीत चालवण्याचा. पहिल्या आठवड्यात पॅलेट पिकअपच्या उंचीला नेलं आणि वरचे दोन कॅरेट माझ्याकडे घसरून बॉनेटवर आले. भाव बरा होता, म्हणून जास्त लागलं. झालं असं की आमच्या लोडरला फोर्क आपोआप सपाट ठेवणारी जोडणी नाही. लोडरचे हात वर जातात तशी फोर्कची टोकंही वर होतात. म्हणून वर नेताना थोडं वर, थोडं पुढे झुकव, पुन्हा थोडं वर, असं करावं लागतं. खाली आणताना याच्या उलट. दोन्ही एकदम मागितलं तर तेल जिकडे जोर कमी लागतो तिकडे आधी पळतं, आणि भरलेलं पॅलेट पुढे झुकवणं हे काम तर वजन स्वतःच करून टाकतं. तिथे जॉयस्टिकला नुसता स्पर्श पुरतो.

बसल्या जागेवरून टोकं दिसत नाहीत, हा दुसरा वैताग. फ्रेमच्या वरच्या बाजूला फोर्कला समांतर एक हातभर पाइप वेल्ड केला आणि लाल रंग दिला. तो पाइप आडवा दिसला की फोर्क सपाट. पूर्ण खर्चात हाच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा भाग.

रेस किती ठेवायची यावर घरात वाद झाले. मोठ्या भावाचं म्हणणं, रेस वाढव, ताकद येते. ताकद तेलाच्या दाबातून येते. रेसने पंप फक्त जास्त तेल ढकलतो, म्हणजे वेग वाढतो आणि झटकाही. मी मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांच्या आसपास ठेवतो. मात्र खाली येताना रेसचा फारसा संबंध नसतो, तिथे वजनच ओढत असतं. मध्येच जॉयस्टिक सोडली तर ट्रॅक्टर मान टाकल्यासारखा वाकतो आणि मागची चाकं हलकी होतात. घरात सगळ्यात मऊ हात वहिनींचा. त्यांना घाई नसते आणि गिअर बदलायची हौसही नाही. लो-१ या सगळ्यात हळू गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून पॅलेटच्या खाचेत शिरतात ते बघण्यासारखं असतं. अर्धा क्लच रोज दाबून प्लेट मात्र झिजतेय, हे कबूल.

मागे वजन नसेल तर हे सगळं विसरा. आधी मी रोटाव्हेटर टांगून भागवायचो, पण शेडमध्ये वळताना तो खांबाला लागतो. मग २०० लिटरचा ड्रम दोनतृतीयांश काँक्रीटने भरला, त्यात थ्री-पॉइंटच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार टांगायच्या जोडणीच्या, पिना गाडल्या. साधारण ३२० किलो. त्या दिवसापासून स्टिअरिंग हलकं झालं, आणि उतारावर जीव मुठीत धरणं थांबलं. आमच्या ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या चाकांनाच आहेत. पुढे ओझं आणि मागची चाकं अधांतरी, तर ब्रेक कशाला लागणार? म्हणून बांधावरून उतरताना कोरड्यातही फोर-व्हील टाकतो, म्हणजे पुढची चाकंही धरतात; पॅलेट जमिनीपासून वीतभर उंच, थोडं मागे झुकवलेलं.

डिसेंबरच्या थंडीत सकाळी लोडर धक्के देत होता. मी पंपाला दोष देत बसलो. तेल कमी होतं आणि फिल्टर तुंबलेला, इतकंच. आता पाच मिनिटं रिकामा वर-खाली करतो, मग ओझं घेतो. पिनांना दर आठ-दहा तासांनी ग्रीस, नाहीतर त्या कुरकुरतात आणि हालचालीत बारीक अडखळ येते.

द्राक्षाच्या हंगामात या फोर्कचा उपयोग टोमॅटोपेक्षा कमी झाला. आमच्या मांडवाच्या ओळींत लोडर वळत नाही, त्यामुळे बागेतून रस्त्यापर्यंत माणसंच. खत, पॅलेटवर बांधलेले पाइप, औषधाचे ड्रम यांना मात्र रोजचा. दोन एकरवाल्याने फक्त यासाठी लोडर घेऊ नये, पैसे निघणार नाहीत. लोडर आधीच असेल तर फोर्क लगेच करून घ्यावेत.

शेजारचे अण्णा परवा ट्रॅक्टर मागायला आले. म्हणाले, “मागचा तो ड्रम काढून दे, बांधावर अडतो.” मी म्हटलं, “ड्रम काढायचा असेल तर फोर्कही काढून देतो, बकेट लावून न्या.” नेली बकेटच.